आमच्या घरातली सोपी मरणं

आमच्या घरात कुणी आजारी पडून मरत नाही. निदान मी सांगतो त्या गोष्टींत तरी नाही. आजोबा कावेरीच्या पायरीवर अर्घ्य देता देता गेले, ओंजळीतलं पाणीसुद्धा सांडलं नाही. वडील, म्हणजे आमचे अण्णा, कॉफीचा टंबलर हातात असताना गेले. कॉफीही सांडली नाही. आमच्या घराण्यात मरताना काही सांडत नाही, अशीच आमची ख्याती आहे. लग्नामुंजीत जेवणं आटोपली, मंडळी पान चघळत भिंतीला टेकली, की कुणीतरी म्हणतंच, "ती आजोबांची गोष्ट सांग रे." मग मी कमरेची वेष्टी सावरून पुढे सरकतो आणि आजोबांना पुन्हा एकदा मारतो. माझ्या तोंडून ते बिचारे इतक्या वेळा वारलेत, की यमाचे दूतही आता कंटाळून म्हणत असतील, पुन्हा तुम्हीच का?

ही कला कधी उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. नडेल असं तर मुळीच नाही.

माझ्या मुलाला जहाजावर नोकरी लागली. इंजिनाच्या खोलीत, सगळ्यात खालच्या पायरीचा इंजिनियर. आमच्या तंजावरात वर्षातले कित्येक महिने कालव्याचं पाणी घोट्याइतकं असतं. पोरगा पोहायला शिकला तो फी भरून, तलावात. आणि म्हणतो काय, समुद्रावर जातो. त्याच्या आईनं दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच लोणच्याच्या बरण्या धुवायला काढल्या. एवढं झालं की आमच्याकडे परवानगी मिळाली असं समजतात. कंपनीची वैद्यकीय तपासणी तेवढी राहिली होती. तिची काळजी कुणाला? चोवीस वर्षांचा, रोज पहाटे मोठ्या देवळाच्या खंदकाकडेनं धावणारा मुलगा. काळजी करायची तर माझी. मी त्याच खंदकाकडेनं चालत जातो आणि बसनं परत येतो.

पण तपासणी झाली आणि कंपनीच्या चेन्नईच्या कचेरीतून निरोप आला. हृदयाच्या आलेखात काहीतरी वेगळं दिसतंय, हृदयाच्या डॉक्टरचं पत्र आणा, मग बघू.

आम्ही तिघं इथल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, केसांत जाईचा गजरा, बोलणं झपझप. त्यांनी स्वतः पुन्हा आलेख काढला. गुलाबी चौकटींचा कागद टेबलावर पसरला आणि पेनाच्या टोकानं दाखवायला लागल्या. बोलणं सगळं तमिळमध्ये चाललं होतं.

"हा उंच सुळका म्हणजे ठोका. सुळका उतरला की रेघ सपाट व्हायला हवी. याची रेघ उतरताना इथे तळाशी जरा अडकते. दिसला हा आकडा? मासे धरायच्या गळासारखा? आणि मग पुढची रेघ थोडी उचललेलीच राहते."

मी चष्मा वर केला, खाली केला. मला सगळे सुळके सारखेच दिसत होते. तरी मी "हं" म्हणालो. डॉक्टरसमोर 'दिसत नाही' म्हटलं की डोळ्यांचीही तपासणी सुरू होते.

"म्हणजे काय झालंय त्याला?" बायकोनं विचारलं.

"बहुधा काहीच नाही. ठोका दिला की हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होतं. ती सज्ज होण्याची खूण काहींच्या रेघेत लवकर उमटते. अर्ली रिपोलरायझेशन म्हणतात याला. धावणाऱ्या, खेळणाऱ्या तरुण मुलांत पुष्कळदा दिसतं. वय वाढलं की कित्येकांचं आपोआप जातं. घराण्यातही असतं कधी कधी."

वेळेआधी सज्ज होणं! मी बायकोकडे पाहिलं. हे आमच्या घराण्यातलं नव्हतं, एवढं मी कुठेही शपथेवर सांगितलं असतं.

"तुमचाही काढून बघू या," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. मी शर्ट काढून आडवा झालो. माझी रेघ तळाशी उतरली आणि सरळ सपाट. आकडा नाही, काही नाही. तरुणपणी असला तर असेल, आता सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मला उगाच वाईट वाटलं. मुलाचं काहीतरी आपल्यावर गेलेलं असावं असं कुणाला वाटत नाही?

"तुम्ही कुठे वेळेवर सज्ज होता?" बायको मराठीत पुटपुटली. मुलगा हसला. तोवर सगळं हसण्यावारीच चाललं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी चक्कर येऊन पडलाय का? मुलानं मान खाली घातली. कॉलेजात रक्तदान करताना पडला होता. सुई बघून. "त्यानं काही होत नाही," त्या म्हणाल्या, "मोठमोठे पैलवान पडतात." आणि मग विचारलं, "वडील, आजोबा, काका वगैरे कसे वारले?"

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न विचारायचा असतो का?

"डॉक्टर," मी खुर्चीत पुढे सरकलो, "आमच्या घरात खाटेवर पडून राहायची पद्धतच नाही. माझे वडील, कॉफीचा टंबलर हातात. म्हणाले, आज डिकॉक्शन छान उतरलंय. संपलं! एका क्षणात. आजोबा नदीच्या पायरीवर. अर्घ्य द्यायला ओंजळ उचलली, ती तशीच."

लग्नघरी या ठिकाणी बायका 'अय्यो, काय पुण्यवान!' म्हणतात. डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या.

"वडिलांचं वय?"

"चोपन्न. ठणठणीत."

"आजोबा?"

"ते तर पन्नाशीही पुरी न करता. वाघासारखे होते."

"आधी काही आजार, ताप, दवाखाना?"

"छे! नाव नको!"

बायकोनं टेबलाखाली माझ्या मांडीला चिमटा काढला. मला वाटलं, आवाज मोठा होतोय. मी आवाज कमी करून आणखी सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. ते लावण्याची पद्धत मला आवडली नाही.

"सर, रेघेत हा आकडा, एकदा शुद्ध हरपलेली, आणि वडील-आजोबा दोघंही कमी वयात, आजार नसताना, अचानक. आता मी तसं पत्र देऊ शकत नाही." मग त्यांनी समजावलं. हा आकडा असलेली बहुतेक माणसं म्हातारी होऊन मरतात. पण अगदी थोड्या घरांत असं असतं, की हृदयाचा ताल एकाएकी बिघडतो आणि माणूस उभ्या उभ्या जातो. ते घर आपलं आहे की नाही, हे कळल्याशिवाय मुलाला, जिथून दवाखाना कित्येक दिवसांच्या अंतरावर आहे अशा ठिकाणी पाठवणं बरं नाही. "आणखी तपासण्या करूच. पण सगळ्यांत आधी मला खरं काय झालं ते हवंय. तुम्ही जवळ होतात का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग जवळ कोण होतं, त्यांना विचारून या."

बाहेर स्कूटरच्या रांगेत मुलगा हेल्मेट हातात धरून उभा राहिला. तो मराठी सगळी समजतो आणि उत्तर तमिळमध्ये देतो. आमच्याकडच्या पोरांची रीतच ती. म्हणाला, "अप्पा, आजोबा-पणजोबा खरंच असे गेले, की तुम्ही सांगता तसे गेले?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मला माहीत नाही.

अण्णा गेले तेव्हा मी पुण्यात होतो. पंचविशीचा, एका कारखान्यात शिकाऊ. तंजावरचा मराठी मुलगा पुण्यात गेला म्हणजे आपल्या माणसांत गेला असं घरी सगळ्यांना वाटत होतं. आपल्या माणसांनी माझं मराठी ऐकून पोट धरलं. 'मजला बहुत भूक लागली' म्हटलं की खानावळीतली पोरं ताटं ठेवून हसत. देवनागरी अक्षरं मी तिथेच शिकलो, दुकानांच्या पाट्या वाचून. म्हणून अजूनही माझं अक्षर 'येथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील' असं दिसतं. वर्षभरानं कायम करणार होते. मध्ये सुट्टी घेतली तर शिकाऊपण पुन्हा पहिल्यापासून. एका सकाळी घरमालकांकडे फोन आला. आईचा आवाज होता. "अण्णा गेले रे. एका मिनिटात. काही कळलंच नाही त्यांना." चेन्नईमार्गे दोन गाड्या बदलून मी पोचलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. तोंड दिसलं नाही. ओसरीत त्यांच्या वहाणा होत्या, एवढंच. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, एका मिनिटात. मी ते 'एक मिनिट' धरून राहिलो. पुढे त्यात टंबलर कधी आला, डिकॉक्शन कधी आलं, मला सांगता यायचं नाही. कोरं मिनिट किती दिवस जवळ बाळगणार?

आणि ज्या कारखान्यासाठी मी तिकडे होतो, तो मी सहा महिन्यांत सोडला. आई एकटी होती. परत आलो, इथल्या तंत्रनिकेतनात शिकवायला लागलो. आईही आता नाही. त्या वेळी जवळ असलेलं एकच माणूस उरलं होतं, अण्णांची थोरली बहीण. माझी आत्या.

आत्या तंजावरजवळ तिरुवैयारुला राहते, रस्त्यावरच्या छोट्या घरात. आमचा शेताचा तुकडा तिकडेच होता, त्यामुळे अण्णांचं अर्धं आयुष्य त्या घरात गेलं, आणि ते वारले तेही तिथेच. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मी गेलो तेव्हा ती टीव्हीसमोर होती. तमिळ मालिकेतली सून दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि सासू दाराआड उभी राहून कपटानं हसत होती.

"बैस. बोलूं नको. ही मरते की काय बघूं दे," आत्या म्हणाली.

मी बसलो. जाहिराती लागल्या तेव्हा मी मुलाचं सगळं सांगितलं. आकडा, जहाज, डॉक्टरीणबाई. बोटानं हवेत सुळका काढून दाखवला.

"तूं डॉक्टरास काय सांगितलंस?"

"आजोबा अर्घ्य देता देता गेले म्हणून."

"कुठे?"

"कावेरीच्या पायरीवर."

"अय्यो, मूर्खा! ऐन उन्हाळा होता. कावेरीत वाळू होती, वाळू! पोरं चेंडू खेळत होती नदीत. अर्घ्य काय तूं नळावरून नेऊन दिलंस?"

इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगतोय. समोर बसलेल्या शंभर माणसांपैकी एकालाही हे सुचलं नाही, आणि सगळी या नदीकाठची माणसं.

"मग कसे गेले?"

मालिका पुन्हा सुरू झाली. सुनेच्या नाकातोंडाला नळ्या होत्या. आत्यानं क्षणभर बघितलं, आणि मग तिनं जे केलं ते मी तिला आयुष्यात कधी करताना पाहिलं नव्हतं. तिनं टीव्ही बंद केला.

आत्यानं सांगितलं, आजोबा वारले ते पापनाशमला, भावाच्या घरी. पोटाचा विकार. दोन महिने अन्न टिकत नव्हतं. शेवटी शेवटी नारळाचं पाणीही नको म्हणायचे. ती तेव्हा लग्नाची मुलगी होती, उशाशी तीच बसायची. अण्णा कुंभकोणमला कॉलेजात होते, परीक्षा तोंडावर होती. त्यांना सांगितलं की वडील शेतसाऱ्याच्या कामाला पापनाशमला गेलेत. परीक्षा झाली, अण्णा आले, तोवर आजोबा नव्हते.

"मग त्यास सांगितलं, उभ्या उभ्या गेले. पूजा करताना. ज्यास तोंड दिसलं नाही, त्यास सोपं मरण सांगायचं. आपल्या घरी असंच करतात. माझ्या आजीनं माझ्या बापास असंच सांगितलं होतं."

मी हिशोब करत होतो. आजोबा सुटले. अचानक नव्हे, पोटाचा विकार. मुलगा अर्धा जहाजावर चढला. मला हलकं वाटलं, आणि त्याच हलकेपणात मी पुढचा प्रश्न विचारून टाकला.

"आणि अण्णा?"

आत्यानं पदर नीट केला. बराच वेळ नीट करत राहिली.

"तुजला काय हवं आहे? पोराच्या नोकरीपुरतं सांगूं, की सगळं?"

"सगळं."

"काटा," ती म्हणाली. "बांधावर अनवाणी फिरायचा ना. बाभळीचा काटा मोडला पायात. साखर होती त्यास, कुणास सांगत नव्हता. जखम चिघळली. तंजावरास दवाखान्यात नेलं. पाय काढावा लागेल म्हणाले. हा म्हणाला, एका पायानं बांधावर मी कसा चालूं? नको म्हणाला तो नकोच. मग इथे आणला. ताप उतरेना. विष रक्तांत गेलं. तीन आठवडे होता."

तीन आठवडे. मी ते ऐकलं. घरात पंख्याचा आवाज होता.

"आणि हृदय?" मी विचारलं. मला वाटतं, डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नांच्या आड लपणं त्या वेळी बरं वाटलं.

"हृदयास काय झालं होतं! तिथे तपासलं ना. छातीस ते रबरी फुगे लावले. त्यास गुदगुल्या! लागला हसायला. ती यंत्रवाली बाई ओरडते, हलूं नका, रेघ बिघडते. हा आणखी हसतो. पाय हा असा सुजलेला, अंगांत ताप, आणि हसतोय शहाणा. डॉक्टर म्हणाला, हृदय विशीच्या पोराचं आहे."

अण्णांना गुदगुल्या होत हे मला माहीत नव्हतं. मी त्यांचा मुलगा. त्यांना गुदगुल्या करायची कधी माझी छाती झाली नसती. आणि कुठल्याशा कागदावर त्यांची रेघ उमटली होती, हसण्यानं थरथरलेली. त्या रेघेच्या तळाशी आकडा होता की नव्हता, हे आता कुणालाच कळणार नाही. तो कागद त्याच आठवड्यात कुठल्या तरी टोपलीत गेला असेल. मला तो आकडा तिथे हवा होता. त्यांच्यापासून नातवापर्यंत मधल्या मला टाळून गेलेला, पण गेलेला.

"मजला का नाही कळवलं?" मी विचारलं. आत्यासमोर बसलं की माझी जीभही जुनी होते.

"मी रोज म्हणायची, पोरास फोन करूं. तो म्हणायचा, नको. त्याचं वर्ष वाया जाईल. शुक्रवारपर्यंत ताप उतरतो, मग कळवूं. शुक्रवार गेला की पुढचा शुक्रवार. मग एके दिवशी स्वतःच म्हणाला, 'अक्का, काही झालंच, तर मजला सांगितलंत तसंच त्यास सांगा.'"

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं? आजोबांचं?"

"हौ तर. एका श्राद्धास जेवताना मजला विचारलं होतं, बाबा किती दिवस पडून होते म्हणून. मी काही खोटं बोलले नाही. जेवला, हात धुतला, म्हणाला, बरं केलंत. इतकी वर्षं मी त्यांना दुखताना बघितलं नाही." आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "त्यास वाटलं, तुजलाही तेच द्यावं. गल्लीभर सांगून ठेवलं मग मी. दूधवाल्यासही."

ज्या फसवणुकीवर मी रागवायला हवं होतं, ती वडिलोपार्जित निघाली. शेत विकलं गेलं, ही तेवढी माझ्यापर्यंत पोचली.

फोन वाजला. मुलगा होता. तो घरी बसून वाट बघत होता, पण 'सहज केला' म्हणाला.

"अप्पा, काय म्हणाल्या आत्याआजी?"

"आजोबांना पोटाचा विकार होता. आणि अण्णांच्या पायात काटा गेला, त्याचं विष झालं. तीन आठवडे आजारी होते. हृदय चांगलं होतं, तपासलं होतं."

"खरंच?" त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा वर गेला. "तीन आठवडे? म्हणजे अचानक नाहीच! अप्पा, किती चांगलं झालं!"

"हौ," मी म्हणालो. "फार चांगलं झालं."

तो पलीकडे आईला ओरडून सांगत होता. तिचं "देवा रे" ऐकू आलं. मी फोन ठेवला. आत्या म्हणाली, डोळे पूस, पंख्याचा वारा लागेल. पंख्याच्या वाऱ्यानं डोळ्यांना काय होतं ते मी विचारलं नाही.

मग मी तिला अण्णांबद्दल विचारत बसलो. लग्नघरी बडबडणारा मी, त्या दुपारी एकही गोष्ट सांगितली नाही. नुसतं विचारलं. काय खायचे? तांदळाची पेज, वर लिंबाचं लोणचं. मीठ कमी पडलं म्हणून रोज तक्रार. एकदा डांगर पचडी मागितली, उडदाच्या पिठाची, दह्यातली. केली तर दोन घास खाऊन म्हणाले, पोरगा असता तर वाटी चाटली असती. झोप लागायची का? दुपारी. कुठे निजायचे?

"आधी आतल्या खोलीत. मग म्हणाला, उकडतंय, खाट पुढे घ्या. इथे, या खिडकीशी. उकडत कुठलं, माघ होता. मी काय समजले नाही होय? समोर बस थांबते ना. तंजावराहून बस आली की मान वर करायचा. एकदा मी रागावले. म्हटलं, तूंच कळवूं नको म्हणालास नि वाट कुणाची बघतोस? तर म्हणतो, 'कळवायचं नाही म्हणालों. बघायचं नाही असं कुठे म्हणालों?'"

मी त्या खिडकीकडे बघितलं. तिथे आता आत्याचा फ्रिज आहे. पुण्यात त्या तीन आठवड्यांत मी काय करत होतो ते आठवायचा मी प्रयत्न केला. काही आठवत नाही. काही घडलंच नसणार. लेथवर लोखंड तासत असेन, रविवारी कपडे धूत असेन. एखाद्या रविवारी सहज, काही कारण नसताना, गाडीत बसलो असतो तर? कारण नसताना कोण येतं एवढं लांब.

पुढचं लवकर झालं. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं. दोनदा विचारलं, यात काही भर घातलेली नाही ना? बायको म्हणाली, नाही, हे आत्यांकडून आलंय. मुलाला सरकत्या पट्ट्यावर पळवलं, हृदयाची सोनोग्राफी केली, एक दिवस छातीला यंत्र बांधून ठेवलं. सगळं ठीक निघालं. रेघेतला आकडा तेवढा तिथेच आहे, तो राहणार. पत्र मिळालं. लोणच्याच्या बरण्या भरल्या, त्यातली एक बॅगेत फुटली, तिचं जे काय करायचं ते झालं.

स्टेशनवर गाडी उभी होती. मुलानं सामान ठेवलं आणि दारात येऊन उभा राहिला.

"अप्पा, तुम्ही आजारी पडलात तर मला कळवाल ना? मी येऊ शकलो नाही तरी?"

"हे?" बायको म्हणाली. "यांना शिंक आली तरी चार घरांत फोन जातो. तू जहाज बंद करून ठेवशील यांच्या फोनपायी."

तो हसला. पण माझ्याकडे बघत राहिला.

"कळवीन," मी म्हणालो.

"सोपं करून नाही."

"नाही."

गाडी हलली. मी हे अगदी मनापासून म्हणालो होतो. आणि गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत मला कळून चुकलं, की तसाच एखादा शुक्रवार माझ्याही पुढ्यात आला, तर मी काय करीन ते मी सांगू शकत नाही.

बायको म्हणाली, चला, कॉफी घेऊ. मी म्हटलं, तू पुढे हो. फलाटावरच्या बाकावर बसून मी आत्याला फोन लावला. मागे मालिका चालू होती. सून अजून मेली नव्हती.

"गेला का पोर?"

"गेला. आत्या, एक विचारायचं राहिलं. अण्णा कुठल्या बसकडे बघायचे? चेन्नईची गाडी पोचते त्यानंतरची, की संध्याकाळची?"

मालिकेचा आवाज थोडा कमी झाला.

"कुठल्या म्हणजे काय रे," आत्या म्हणाली. "येईल त्या."